ब्लूज रॉक
ब्लूज रॉक हा ब्लूज आणि रॉक यांच्या संयोगातून निर्माण झालेला संगीतप्रकार आहे. इ.स. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तो इंग्लंड आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी आकारास आला. इलेक्ट्रिक गिटारचे दीर्घ एकलवादन, मोठा ध्वनी आणि ब्लूजची ठरलेली आवर्तने ही त्याची ठळक लक्षणे होत.

सांगीतिक वैशिष्ट्ये

ब्लूजचे सर्वाधिक प्रचलित आवर्तन बारा खंडांचे असते. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. पहिले चार खंड षड्जावर आधारलेल्या स्वरसंघाचे असतात. त्यानंतर मध्यमाचे दोन, पुन्हा षड्जाचे दोन आणि शेवटच्या चार खंडांत पंचम, मध्यम व षड्ज असा उतार येतो. गीताची पहिली ओळ बहुधा दोनदा गातात व तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर येते.

ब्लूजचा खास स्वर कोमल व शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी असतो. पियानोवर तो सापडत नाही. गिटारवादक तार बाजूला खेचून तो काढतात. सतारीवरील मींड ऐकलेल्या श्रोत्याला ही क्रिया अनोळखी वाटणार नाही. ब्लूज रॉकने यात ध्वनिवर्धकाची भर घातली. निर्वात नळ्यांचा ध्वनिवर्धक त्याच्या क्षमतेपलीकडे चालवला की ध्वनी फाटतो व स्वर लांबतो. हा तांत्रिक दोष या संगीतात गुण ठरला. जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या वाद्यवृंदाच्या १९६६ मधील ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शल ध्वनिवर्धक वापरून, मैफलीत वाजवावे तितक्याच मोठ्याने, ध्वनिमुद्रणगृहात वादन केले. पुढील अनेक वादकांनी हाच नाद प्रमाण मानला.

इतिहास

मिसिसिपीतील शेतमजुरी सोडून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांबरोबर ब्लूज शिकागोला पोहोचला. मडी वॉटर्स १९४३ मध्ये तेथे गेले. शहरातील मद्यगृहांच्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पुरत नसल्याने त्यांनी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. १९५८ च्या इंग्लंड दौऱ्यात हा मोठा आवाज काही श्रोत्यांना खटकला, कारण त्यांना ‘अस्सल’ म्हणजे साध्या गिटारवरील लोकसंगीत हवे होते. १९६३ मध्ये वॉटर्स मुद्दाम साधी गिटार घेऊन गेले, तर तोवर तरुणांना इलेक्ट्रिक गिटारच हवी होती.

मधल्या काळात अ‍ॅलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस यांनी १९६२ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात ब्लूजचा क्लब सुरू केला होता. अमेरिकन ध्वनिमुद्रिका इंग्लंडमध्ये सहज मिळत नसत. मिक जॅगर त्या टपालाने मागवत. १९६१ मध्ये डार्टफर्ड स्थानकावर त्यांच्या हातातील ध्वनिमुद्रिका पाहूनच कीथ रिचर्ड्स त्यांच्याशी बोलू लागले. पुढे त्यांच्या वाद्यवृंदाने ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव मडी वॉटर्स यांच्या गीतावरून घेतले. क्रीम (१९६६), फ्लीटवुड मॅक (१९६७) व लेड झेपेलिन (१९६८) हे याच परंपरेतील वाद्यवृंद होत. १९६६ च्या सप्टेंबरात अमेरिकेहून लंडनला आलेले जिमी हेंड्रिक्स चारच वर्षांनी त्याच शहरात निवर्तले.

अमेरिकेत शिकागोचा पॉल बटरफिल्ड ब्लूज बँड महत्त्वाचा. त्यात कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय वादक एकत्र होते, आणि तालाची बाजू हाउलिन वुल्फ यांच्या साथीदारांनी सांभाळली होती. १९७० च्या दशकात दक्षिणेकडील ऑलमन ब्रदर्स बँडने १९७१ मधील फिलमोर ईस्टच्या मैफलींत एकेक गीत वीस-वीस मिनिटांपर्यंत फुलवले.

श्रेय व मानधनाचा प्रश्न

या संगीतातून मोठी कमाई प्रामुख्याने श्वेतवर्णीय कलावंतांची झाली. मूळ रचनाकारांच्या वाट्याला काय आले, याचे उत्तर मात्र एकसारखे नाही. रोलिंग स्टोन्सनी १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आपल्यासोबत हाउलिन वुल्फ यांनाही गाऊ द्यावे असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. क्रीमने स्किप जेम्स यांचे १९३१ मधील गीत त्यांच्या नावानेच ध्वनिमुद्रित केले. जॉनी विंटर यांनी १९७७ मध्ये मडी वॉटर्स यांच्या ‘हार्ड अगेन’ची निर्मिती करून त्यांना नवा श्रोतृवर्ग मिळवून दिला.

याउलट लेड झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’ (१९६९) या गीतावर विली डिक्सन यांचे नाव नव्हते. त्यांनी मडी वॉटर्स यांच्यासाठी लिहिलेल्या गीताशी त्याचे शब्द जुळत होते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला. १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढील आवृत्त्यांवर त्यांचे नाव आले. पारंपरिक ब्लूजमध्ये ओळी एका गायकाकडून दुसऱ्याकडे मुक्तपणे जात, असा युक्तिवाद अशा प्रसंगी केला जातो. तो खोटा नाही, परंतु ज्या गीताचा रचनाकार हयात व ज्ञात आहे, तेथे तो अपुरा पडतो. कलावंतांना त्यांचे हक्क मिळावेत यासाठी डिक्सन यांनी स्थापन केलेल्या ब्लूज हेवन फाउंडेशनचे कार्यालय आज शिकागोतील चेस रेकॉर्ड्सच्या जुन्या वास्तूत आहे. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सनी याच वास्तूत ध्वनिमुद्रण केले होते.

भारताशी संबंध

लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसह आपली दोन गीते ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०११ पासून मुंबईत वांद्रे येथील मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. पहिल्याच वर्षी तेथे शिकागोचे ज्येष्ठ गिटारवादक बडी गाय यांचे वादन झाले.