जमिनीखालच्या पाण्याची नोंदवही

पुण्यात शिवाजीनगरला भूजल भवन आहे. राज्याच्या पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखालच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं हे मुख्यालय. पाटबंधारे खात्याच्या वाट्याला धरणं येतात, त्यांची उद्‌घाटनं होतात, दरवाजे उघडले की गर्दी जमते. या यंत्रणेच्या वाट्याला जे पाणी आलं ते कुणाला दिसतच नाही. गावात त्यांची ओळख 'भूजलवाले' एवढीच. तरीही खेड्यातल्या माणसाचं पिण्याचं पाणी आज बहुतेक ठिकाणी जमिनीखालूनच येतं, आणि त्या पाण्याचा हिशेब गेली पन्नासएक वर्षं हीच माणसं ठेवत आली आहेत.

हे काम अंगावर आलं ते 1972च्या दुष्काळात. ओढे आटले, विहिरींचे तळ दिसू लागले, तेव्हा खडकात यंत्राने भोक पाडून पाणी वर काढायचं काम तातडीने हाती घ्यावं लागलं. गावोगावी हापसे बसले. बायकांची कोसभराची पायपीट थांबली, ही गोष्ट कुणीही कमी लेखू नये. पण त्याच हापशांनी एक समजही पेरला, की वरचं पाणी संपलं तर खाली आणखी आहे आणि त्याखाली आणखी. पुढची पन्नास वर्षं आपण त्या समजावर जगलो. पाचशे फुटांचं बोअर कोरडं गेलं की शेतकरी सातशे फुटांचं सांगतो, आणि कर्ज काढून सांगतो.

महाराष्ट्राच्या 80 टक्क्यांहून अधिक भागाखाली काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. विहीर खणणाऱ्यांना हे थर पुस्तकावाचून ठाऊक असतात: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली कठीण खडक, मध्येच एखादा लाल गेरूचा पट्टा. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि खडकाच्या फटींत. अखंड काळा दगड पाणी धरत नाही. मुरूम-मांजऱ्याच्या थरातूनसुद्धा शंभर घनमीटरमागे एक ते तीन घनमीटर पाणी हाती लागतं. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीशी याची तुलनाच होत नाही. आपल्याकडचा साठा उथळ आहे, तुटक आहे. एका पावसात तो भरतो आणि जोरात उपसला तर एका हंगामात रिकामा होतो. नारळ हातावर ठेवून शिवारात फिरणारा पाणाड्या एखादी फट दाखवूही शकेल, पण त्या फटीत पाणी येतं कुठून आणि किती, हे सांगायला पाणलोट पाहावा लागतो.

म्हणून या यंत्रणेने नकाशा जिल्ह्या-तालुक्याचा न धरता पाणलोटांचा धरला. राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आणि प्रत्येकात काही विहिरी निरीक्षणासाठी निवडल्या. पाणलोट ग्रामपंचायतीची हद्द ओळखत नाही. माथ्यावरच्या गावाने ओढ्याकाठी खणलेली विहीर पायथ्याच्या गावाचं पाणी ओढू शकते, आणि माथ्यावर समतल चर काढले तर त्याचा फायदा ज्याने घाम गाळला त्यालाच होईल असंही नाही. गावच्या भांडणांत ही बाब क्वचितच कुणी बोलून दाखवतं.

निरीक्षण विहिरीची पातळी वर्षातून चार वेळा घेतात: पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. काम दिसायला साधं आहे. टोकाला वजन लावलेला टेप विहिरीत सोडायचा, वजन पाण्याला टेकलं की आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. उरतं ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. पण मोटर चालू असेल किंवा नुकतीच बंद झाली असेल तर आकडा खोटा येतो, कारण विहीर अजून भरत असते. म्हणून पाणी स्थिरावलेलं असताना जावं लागतं, आणि वीज रात्रीची असेल तर शेतकऱ्याला विचारावं लागतं की मोटर कधी बंद केली. कठड्याची उंची वजा करायची राहिली तर अख्ख्या पाणलोटाची पातळी मीटरभर खाली गेल्यासारखी कागदावर दिसेल. माझ्या मते या यंत्रणेची खरी मालमत्ता म्हणजे अशा बारीक निगुतीने, त्याच विहिरीवर, दशकानुदशकं घेतलेले हे आकडे. नवी उपकरणं विकत आणता येतात, 1980च्या मे महिन्यातली पातळी आता कुठूनही आणता येत नाही.

या आकड्यांवर दोन मोठी कामं चालतात. पावसाळा संपल्यावर त्या वर्षीची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. कुठल्या तालुक्यात ती एक मीटरने उतरली, कुठे दोन, कुठे तीनपेक्षा जास्त, यावरून टंचाईचा अंदाज निघतो. टँकर कुठे आणि कधीपासून लागतील याचा सुगावा प्रशासनाला हिवाळ्याआधीच लागतो. दुसरं काम म्हणजे पाणलोटाची प्रतवारी. वर्षाला जेवढं पाणी उपसण्याजोगं मुरतं, त्याच्या 70 टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट सुरक्षित, 90पर्यंत अंशतः शोषित, 100पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. ऊस, केळी, द्राक्षं, डाळिंब, संत्री अशी बारमाही तहानेची पिकं जिथे एकवटली तिथे हा आकडा चढलेला दिसतो.

पाणी किती आणि पाणी कसं, हे प्रश्न आपण वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकले आहेत. खडकाला ही वाटणी मान्य नाही. यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या किनवट भागात खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड येतं ते बाहेरून कुणी टाकलेलं नसतं. पाणी खोल खडकात वर्षानुवर्षं मुरत राहतं आणि तिथली खनिजं त्यात उतरतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं मानक आहे. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं वाकतात, सांधे आखडतात. त्याच गावातल्या जुन्या उथळ विहिरीचं पाणी अनेकदा निर्धोक निघतं. ती विहीर आटू दिली, तिच्यात कचरा टाकला, म्हणून गाव बोअरकडे गेलं. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा ही आणखी एक कहाणी: विहिरीला पाणी असूनही ते तोंडात धरवत नाही.

गुणवत्तेचं रोजचं काम मात्र शिवाजीनगरला होत नाही. ते ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. टाकीत किती टीसीएल, म्हणजे जंतुनाशक क्लोरीनची पावडर, टाकायची, ती पावडर उघडी राहून निकामी तर झाली नाही ना, अर्ध्या तासाने शेवटच्या नळाला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो का, हे तो पाहतो. तपासणीचे नमुनेही तोच घेतो. जैविक तपासणीची बाटली निर्जंतुक असते. तिच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, ती आतून धुवायची नाही, कारण क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात आधीच औषध घातलेलं असतं. काठोकाठ भरायचीही नाही, आणि बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायची. रासायनिक तपासणीचा कॅन उलट त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून गच्च भरायचा. शाळांमधून एक सोपी चाचणीही दाखवतात: छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते काळं पडतं. काळी पडलेली बाटली पाहिल्यावर शोषखड्डा विहिरीपासून किती लांब हवा, हे गावाला वेगळं पटवावं लागत नाही.

आरोग्य खातं वर्षातून दोनदा गावच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतं. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यासाठी अहवाल वाचावा लागत नाही. पण तिच्याआड एक मोठी गफलत लपते. टीसीएल जंतू मारते. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांवर तिचा काही परिणाम होत नाही. उसाला घातलेला युरिया आणि गोठ्याजवळचा उकिरडा पावसाबरोबर विहिरीत उतरतो. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते आणखी दाट होतं. घरोघरी पाणी उकळून बाळाला पाजणाऱ्या आयांपर्यंत हे एक वाक्य पोचवणं, हे कुठल्याही बंधाऱ्याइतकंच महत्त्वाचं जलसंधारणाचं काम आहे.

आकडे गावाकडे परत गेले की काय होतं, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवलं. साधारण 400 मिलिमीटर पावसाचं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली, ती महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यानंतर जे केलं त्याची चर्चा कमी होते. गाव स्वतः पाऊस मोजतं, विहिरींच्या पातळ्या घेतं आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं: माणसांना इतकं, जनावरांना इतकं, उरलेल्यात रब्बीला कोणती पिकं बसतील. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. शेतीसाठी बोअरला बंदी. हा हिशेब मांडायला भूजलवाल्यांची मदत होती, निर्णय मात्र गावाचा. पुण्यातलीच 'अक्वाडॅम' ही संस्था 1998पासून अशाच कामात आहे: गावातल्या तरुणांना खडक वाचायला शिकवायचं, आपल्या विहिरींखाली एकच साठा आहे की वेगवेगळे, हे त्यांनाच शोधू द्यायचं. सिक्कीमच्या झऱ्यांच्या पुनर्भरणातही या संस्थेचा हात आहे. 2019च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने ताळेबंदाची हीच पद्धत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या ग्रामपंचायतींत नेली.

कायदाही आहे. 2009चा महाराष्ट्र भूजल कायदा 2014मध्ये लागू झाला. 60 मीटर किंवा त्याहून खोल विहीर म्हणजे खोल विहीर, आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी अशा विहिरीला मनाई. कायद्याचे शब्द चांगले आहेत. पण रात्री दोनला शिवारात बोअरची गाडी शिरते तेव्हा तिला अडवणारं कुणी नसतं. अडवायचं तर गावाच्या हातात आपल्या विहिरीचा आकडा हवा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते, तिच्याशेजारी गावच्या निरीक्षण विहिरीची मे आणि ऑक्टोबरची पातळी लिहायला एक डबा रंग पुरतो. आणि जो जलसुरक्षक हे सगळं मोजतो, त्याचं मानधन वेळेवर मिळावं, यासाठी ग्रामसभेत एक ठराव.