बौद्धिक संपदा कायदा

बौद्धिक संपदा कायदा : बुद्धीच्या निर्मितीवर अनन्य अधिकार देणारा व त्यांची व्याप्ती ठरविणारा कायदा. प्रताधिकार (कॉपीराइट), एकस्व (पेटंट), व्यापारचिन्ह व अभिकल्प ही त्याची प्रमुख अंगे होत.

जमिनीसारख्या मूर्त वस्तूचा उपभोग एकाने घेतला, तर दुसरा त्यास मुकतो. माहिती मात्र कितीही जणांनी वापरली, तरी कमी होत नाही. तिच्या पहिल्या प्रतीस श्रम व भांडवल पुष्कळ लागते; पुढील प्रती अल्प खर्चात निघतात. संगणकामुळे हा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. नक्कल सर्वस्वी मुक्त ठेवल्यास निर्मात्याचा खर्च भरून निघत नाही. कायमची मक्तेदारी दिल्यास ज्ञानप्रसार खुंटतो. या दोहोंत तोल राखणे, हा या कायद्याचा पाया होय.

त्याकरिता कायदा दोन मर्यादा घालतो. पहिली मुदतीची. इंग्लंडमधील १७१० च्या कायद्याने नव्या ग्रंथांस १४ वर्षांचा, व त्यानंतर लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षांचा अधिकार दिला. कायमच्या अधिकाराचा प्रकाशकांचा दावा तेथील उमराव सभेने १७७४ मध्ये फेटाळला. भारतात साहित्यकृतीचा प्रताधिकार सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर एकस्वाची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते.

दुसरी मर्यादा विषयाची. प्रताधिकार अभिव्यक्तीस मिळतो. कल्पना व तथ्ये सर्वांची राहतात. माहिती हेच भांडवल असलेल्या अर्थव्यवस्थेत ही सीमारेषा विशेष वादग्रस्त ठरली आहे. कारण तथ्यांचे संकलन खर्चिक असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन-निर्देशिकेतील वर्णानुक्रमे लावलेल्या नावे, गावे व क्रमांकांच्या यादीस संरक्षण नाकारले. केवळ श्रम पुरेसे नाहीत, निवडीत वा मांडणीत किमान सर्जकता हवी, असा हा निर्णय होता. यूरोपीय संघाने उलट १९९६ मध्ये माहितीसंचासाठी भरीव गुंतवणूक करणाऱ्यास १५ वर्षांचा स्वतंत्र अधिकार दिला.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात संगणक-आज्ञावली व माहितीसंच यांचा समावेश दुरुस्त्यांद्वारे साहित्यकृतींत झाला. न्यायनिर्णयांच्या संपादित अहवालांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मधला मार्ग स्वीकारला. न्यायालयाच्या मूळ संहितेवर संपादकाचा हक्क नाही. परंतु परिच्छेदरचनेसारख्या, कौशल्य व निर्णयबुद्धी लागणाऱ्या त्याच्या कामास संरक्षण आहे. न्यायनिर्णय जनतेचा, त्यावरील संपादनसंस्कार संपादकाचा, हा भेद त्यामुळे स्पष्ट झाला.