लॅपटॉपचा पडदा : वेग हवा की रंग?

चित्रसंकलन, छायाचित्रण किंवा मुद्रणसजावट शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप घेताना पालक बहुधा एकदाच मोठी रक्कम खर्च करतात. म्हणून पडद्याविषयीच्या दोन बाबी येथे स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली बाब वेगाची. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झवर हा काळ सुमारे ६.९ मिलिसेकंद होतो. वेगवान खेळांत हा फरक जाणवतो. छायाचित्राचे रंग सुधारताना त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरी बाब रंगांची. १९९६ साली मांडलेले 'एस-आरजीबी' हे रंगमान आजही संकेतस्थळांवरील चित्रांचा आधार आहे. 'गेमिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. असा पडदा एस-आरजीबीतील सुमारे ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो. त्यावर लाल रंग फिका दिसतो, म्हणून विद्यार्थी तो वाढवतो. मग तेच चित्र चांगल्या पडद्यावर भडक दिसते.

तेव्हा दुकानात 'एस-आरजीबी किती टक्के?' हे आधी विचारावे. उत्तर शंभराच्या जवळपास असेल आणि पडदा आयपीएस प्रकारचा असेल, तर ६० हर्ट्झही पुरेसे आहेत. दोन्ही गुण एकत्र मिळाले तर उत्तमच. रक्कम मर्यादित असेल, तर ज्या कामातून मुलामुलींना उद्या रोजगार मिळायचा आहे, त्या कामाला योग्य असाच पडदा निवडावा.