कोळ्याचे डोळे स्पष्ट, पाय मात्र धूसर

गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीच्या काठावर जो बुटका, केसाळ कोळी दिसतो, तो शिकारीसाठी जाळं विणत नाही. टेहळतो आणि झेप घेतो. अंगाने जेमतेम सेंटिमीटरभर, आठांपैकी चार डोळे समोर रोखलेले. या कुळाचं गिरगावशी नातंही आहे. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या अशाच एका नव्या जातीला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं, २६/११ च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबला घट्ट धरून ठेवताना प्राण गमावलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

असा कोळी समोरून टिपला, की डोळे लखलखीत येतात आणि मागचे पाय धुक्यात जातात. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘अ‍ॅपर्चर अगदी बारीक कर, सगळं फोकसमध्ये येईल.’ सगळ्यांत चिवट गैरसमज हाच. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, कोळी सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराचा उमटत असताना, एफ/८ ला स्पष्टतेचा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर असतो. एफ/२२ ला तो अडीच-पावणेतीनपर्यंत जातो, पण त्याची किंमत मोजावी लागते. इतक्या जवळून एफ/२२ चं काम एफ/४४ सारखं होतं आणि विवर्तनामुळे प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०६ मिलिमीटरचा ठिपका होऊन पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा पिक्सेल त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे पाय थोडे सुधारतात आणि डोळ्यांची धार जाते!

यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. त्यात अ‍ॅपर्चर मध्यम ठेवून फोकस थोडा थोडा मागे सरकवत अनेक फ्रेम घेतात. हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारखं सॉफ्टवेअर त्या एकमेकींवर जुळवून प्रत्येकीतला स्पष्ट भाग उचलतं. शेजारच्या फ्रेमचे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेच पाहिजेत. फट राहिली तर पायावर धूसर कडं उमटतं. वर सांगितलेल्या मापात सेंटिमीटरभर खोलीला पंधराएक फ्रेम पुरतात. पाचपट मोठं करायचं, तर एफ/२.८ ला पट्टा ०.०४ मिलिमीटरवर येतो आणि फ्रेम तीनशेच्या वर जातात.

‘मग ही बनवाबनवीच की!’ नाही. सॉफ्टवेअर नवा पाय काढत नाही, समोर होतं तेच वेचतं. मात्र डोळे झाकून विश्वास टाकण्यासारखंही ते नाही. मधल्या एखाद्या फ्रेममध्ये मुंगीने मिशी हलवली, तर चित्रात दोन मिश्या येतात. एकावर एक आलेल्या केसांभोवती प्रभावळ दिसते. हे हाताने दुरुस्त करावं लागतं, आणि चित्र प्रसिद्ध करताना ‘स्टॅक केलेलं’ असं लिहावं.

कीटक मेलेलाच हवा, किंवा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करावा, हा समज तर घातकच. छायाचित्रकार लेव्हन बिस यांच्या ‘मायक्रोस्कल्प्चर’ प्रकल्पात एकेका कीटकासाठी आठ-दहा हजार फोटो जोडले होते, पण ते ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले जुने नमुने. जिवंत कीटक पहाटे गारव्यात, पानावर निवांत असताना गाठावा. झपाट्याने घेतलेल्या आठ-दहा फ्रेम बहुधा पुरतात.

महागडा मॅक्रो लेन्सच हवा असंही नाही. रिव्हर्स रिंग लावून उलटा बसवलेला जुना ५० मिलिमीटरचा लेन्सही चालतो. लाकडी चाळीत खरा शत्रू दुसराच. शेजारचे काका पाण्याची बादली घेऊन गॅलरीतून गेले, की फळ्या हलतात आणि फळ्यांबरोबर ट्रायपॉड. फ्लॅशचा क्षणिक झोत ही थरथर बरीचशी झाकतो. चौपाटीकडून वारा सुटला, की मात्र पानावरचा कोळी त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

आणि ‘कॅमेराच सगळं करतो’ असं दुकानदार म्हणाला, तर नेमकं काय करतो ते विचारा. २०१७ चा निकॉन डी८५० फोकस सरकवत तीनशेपर्यंत फ्रेम घेतो, पण जोडत नाही. काही ऑलिम्पस कॅमेरे जोडूनही देतात, मोजक्याच फ्रेम.