हंगामी हात आणि बारमाही आजार

पलूस तालुक्यात उद्योगाची दोन रूपे शेजारी-शेजारी नांदतात. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा आणि बारमाही. कुंडलच्या साखर कारखान्याचे गाळप मात्र ऊस असेतोवरच. दिवाळीच्या सुमारास फडांजवळ तोडणी मजुरांच्या खोपी उभ्या राहतात आणि ऊन तापू लागले की मोडतात. या काळात कोयत्याने हात कापला किंवा मोळी वाहणारीला ताप भरला, तर उपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न जुना असूनही अनुत्तरित आहे.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला औषधोपचार व आजारपणातील भत्ता यांची हमी दिली. परंतु हंगामी कारखाने त्यातून वगळले आणि त्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांचा नावानिशी उल्लेख केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद कायम ठेवला आहे. तोडणी मजुराची स्थिती तर याहून बिकट होय. तो मुकादमाची उचल घेऊन आलेला. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नावच नसते.

अल्प मुदतीचा विमा हिशेबात बसत नाही, असे म्हटले जाते. वस्तुतः १९४८ च्या कायद्याखालील योजनेचा हिशेबच सहामाही होता. ऑक्टोबर ते मार्च ही त्यातील एक सहामाही, म्हणजे जवळजवळ गळिताचाच हंगाम. आणि तीत ७८ दिवसांची वर्गणी भरली की पुढील जुलै ते डिसेंबरच्या आजारभत्त्याचा हक्क मिळे. खाजगी क्षेत्राचीही अडचण दुर्लंघ्य नाही. जुलै २०२० मध्ये ‘कोरोना कवच’ ही पॉलिसी साडेतीन, साडेसहा व साडेनऊ महिन्यांच्या मुदतीने विकली गेलीच. जे साथीसाठी साधले, ते हंगामासाठी का साधू नये?

मात्र अल्प मुदत म्हणजे अल्प जबाबदारी, असे होता कामा नये. अमेरिकेत २०१८ च्या नियमांनी अशा विम्याची मुदत जवळजवळ वर्षापर्यंत वाढविली. पूर्वीपासूनचे आजार त्यातून वगळता येत. साहजिकच हप्ता स्वस्त आणि संरक्षण तोकडे. २०२४ च्या नियमांनी नव्या पॉलिसींची मुदत नूतनीकरणासह ४ महिन्यांवर आणली. आजारी तेवढेच विमा घेतील, ही विमा कंपन्यांची भीती खोटी नाही; परंतु तिच्यावरचा उपाय आजाऱ्यांना वगळणे हा नसून सर्वांना सामील करणे हा आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील ठरावीक उपचारांचा खर्च उचलते. बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. ही उणीव भरून काढावयाची, तर संपूर्ण टोळीची नोंद कारखान्याने करावी, हप्ता टनामागे आकारावा आणि त्याचा बोजा मजुराच्या उचलीवर पडू नये, अशी तरतूद कायद्यातच हवी. हंगाम संपला म्हणून श्रमाने खंगलेले शरीर पूर्ववत होत नाही. ज्याच्या श्रमावर साखरेचे पोते भरते, त्याच्या आजाराचा खर्च त्या पोत्याच्या उत्पादनखर्चात धरला जाणे, हा साधा अर्थशास्त्रीय न्याय आहे.