डोंगर, पाणी आणि सीमा: एक रेष की तीन?

"गोव्याच्या पूर्वेला सह्याद्रीची नैसर्गिक सीमा आहे." शाळेच्या पुस्तकात हे वाक्य चालून जातं. पीएचडीच्या प्रस्तावात लिहिलंत तर समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारणार, "नैसर्गिक सीमा म्हणजे नेमकी कुठली रेष?" आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते. म्हणून आज या एकाच प्रश्नावर लिहितोय.

सीमेवरची पर्वतरांग म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. पण आपल्या सह्याद्रीवरूनही १९ डिसेंबर १९६१ पर्यंत आंतरराष्ट्रीय सीमा जात होती. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांचा गोवा. कॅसल रॉक हे आज झाडीतलं छोटंसं स्टेशन वाटतं, पण ते सरहद्दीवरचं स्टेशन होतं. इकडे ब्रिटिश हद्दीची जकात आणि घाट उतरून गेलं की कुळ्याला पोर्तुगीजांची. मुरगाव बंदराला दख्खनशी जोडणारी ही रेल्वे १८८० च्या दशकात बांधली. घाटात तिचा चढ ३७ ला १ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा ही सीमापार गाडी बंद पडली. एकूण काय, डोंगरावरची राष्ट्रीय सीमा अभ्यासायला लडाखला जायलाच हवं असं काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोंगराळ सीमेवर काम करताना तीन रेषा वेगवेगळ्या धराव्या लागतात. पहिली कड्याची, जिथे पठार संपून जमीन एकदम खाली कोसळते. दुसरी जलविभाजकाची, म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन वेगळ्या नद्यांकडे वाटलं जातं. तिसरी कागदावरची, राज्याची किंवा देशाची. नकाशाचं प्रमाण लहान असेल तर तिन्ही एकमेकींवर बसलेल्या दिसतात, आणि 'नैसर्गिक सीमा' हा शब्द त्यातूनच जन्माला येतो. नकाशा मोठा केला की रेषा सुटायला लागतात.

मी हे न्हावा शेवात बसून लिहितोय, तर इथलंच उदाहरण घेऊ. हवा स्वच्छ असली की इथून कर्नाळ्याचा सुळका आणि मागे माथेरानचं पठार दिसतं. पाहुण्यांना आपण "तो बघा सह्याद्री" असं सांगतो. पण माथेरानवर पडलेलं पाणी कुठे जातं पाहा. पश्चिमेचं गाढी नदीतून पनवेलच्या खाडीत, पूर्वेचं उल्हास नदीत, आणि उल्हासही शेवटी अरबी समुद्रातच. डोंगर मोठा असला तरी तो द्वीपकल्पाचा मुख्य जलविभाजक नव्हे. तो आहे मागे, खंडाळा-लोणावळ्याच्या माथ्यावर. तिथे कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं. अरबी समुद्र इतका जवळ असताना!

याचं कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे. दोन बाजूंना सारखे उतार असलेली ही रांग नाही, ही दख्खनच्या पठाराची तुटलेली पश्चिम कड आहे. पूर्वेकडे उतार मंद, पश्चिमेकडे सरळ कडा. त्यामुळे कोकणात उतरणाऱ्या ओढ्यांना जोर फार. पाऊसही त्यांच्याच वाट्याला जास्त येतो. हे ओढे उगमाच्या दिशेने मागे मागे कोरत जातात आणि कधी कधी पठारावरच्या संथ नदीचा वरचा भाग स्वतःकडे ओढून घेतात. याला नदीचौर्य म्हणतात. म्हणजे जलविभाजक ही हलणारी रेष आहे. आपल्या आयुष्यात ती हललेली दिसणार नाही, पण भूरूपशास्त्रात काम करणार असाल तर तिला स्थिर धरून चालणार नाही.

माणूस मात्र ही रेष एका पिढीत ओलांडतो. लोणावळा, वळवण, शिरवटा ही टाटांची धरणं भीमेच्या खोऱ्यात आहेत. त्यांचं पाणी पाइपांतून घाटाखाली सोडून खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते. वीज झाली की ते पाणी पाताळगंगेत येतं. पाताळगंगेतून ते उचलून, शुद्ध करून पनवेल-उरण पट्ट्याला दिलं जातं, आणि त्या योजनेचं नावच मुळी 'न्हावा शेवा पाणीपुरवठा योजना' आहे. उन्हाळ्यात इथे नळाला येणारं पाणी निसर्गाच्या हिशेबाने बंगालच्या उपसागराचं! हे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या दुष्काळी भागाकडे वळवावं अशी मागणी अधूनमधून होते. ती चूक की बरोबर यात मी आत्ता पडत नाही. पण जलविभाजक कुठे आहे हा प्रश्न फक्त नकाशा काढणाऱ्यांचा नाही, एवढं यातून कळतं.

आता गोव्याच्या सीमेवर या. म्हादई नदीचं खोरं सुमारे २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. गोव्याची सीमा खरंच जलविभाजकावरून जात असती तर हे शेवटचे दोन आकडे शून्य असायला हवे होते. प्रत्यक्षात सुमारे २२ टक्के खोरं सीमेबाहेर आहे. नदी उगम पावते खानापूर तालुक्यात आणि मग गोव्यात उतरते.

चोर्ला घाटाच्या माथ्यावरचं कणकुंबी हे गाव तर भूगोलाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावं. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. त्याच गावाच्या परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईकडे जातो. दोन समुद्रांकडे जाणारं पाणी एका गावात, आणि गाव आहे कर्नाटकात, गोव्याच्या सीमेपासून आत. कळसा-भंडुरा वाद समजून घ्यायचा तर आधी हा भूगोल डोळ्यांसमोर हवा. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचं म्हणजे जलविभाजक ओलांडायचा, आणि इथे तो ओलांडायला मोठा डोंगर फोडावा लागत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी आहे. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली.

कॅसल रॉकच्या दक्षिणेला आणखी गंमत आहे. तिथे सीमा बरीचशी कड्याच्या माथ्याजवळून जाते, म्हणून आपण धरून चालतो की पलीकडचं पाणी बंगालच्या उपसागराला जात असणार. पण ते जातं काळी नदीत. काळी आधी पूर्वेला दांडेलीकडे जाते आणि मग वळून कारवारजवळ अरबी समुद्रालाच मिळते. म्हणजे इथे सीमा कड्याजवळ आहे, पण द्वीपकल्पाचा मुख्य जलविभाजक तिच्यापासून बराच पूर्वेला. उत्तरेला पेडणे-डिचोलीकडे तर सीमा डोंगरावर नाहीच. घाटाखालचे दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुके महाराष्ट्रात आहेत. तेरेखोल नदीच्या मुखाशी नदीच सीमा असावी असं वाटतं, तर तेरेखोलचा किल्ला उत्तर काठावर असूनही गोव्यात!

मग ही रेष आली कुठून? पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टी सोळाव्या शतकातच घेतले. डोंगराला लागून असलेला मुलूख, ज्याला ते 'नव्या काबिजाती' म्हणत, अठराव्या शतकात त्यांच्याकडे आला. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग सोंद्याच्या राजाकडून, तर पेडणे, डिचोली, सत्तरी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. तेरेखोल त्याआधी १७४६ मध्ये. मुलूख हातात आला तो गावं आणि महाल यांच्या हिशेबाने. गाव ज्याच्या वसुलीत, त्याच्याकडे ती हद्द. डोंगराचा माथा कुठे ते कोणी मोजत बसलं नाही. माझ्या मते 'नैसर्गिक सीमा' हा शब्द इथे निव्वळ आळसाचा आहे. ही महसुली सीमा आहे, आणि काही ठिकाणी ती कड्याजवळून जाते इतकंच.

तीन रेषा एक समजल्या की काय होतं याचं जगातलं ठळक उदाहरण अँडीजचं. चिली आणि अर्जेंटिना यांनी १८८१ मध्ये करार केला की सीमा पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून जाईल. लिहिणाऱ्यांना वाटलं, उंच शिखरं आणि जलविभाजक एकच. पॅटागोनियात ते एक नव्हते. हिमनद्यांनी दऱ्या अशा कोरल्या होत्या की जलविभाजक शिखरांच्या बराच पूर्वेला सरकला होता. चिली म्हणे जलविभाजक, अर्जेंटिना म्हणे शिखरं. फ्रान्सिस्को मोरेनो या अर्जेंटिनाच्या तज्ज्ञाने १८९८ मध्ये मजूर लावून, चर खणून फेनिक्स नदी चक्क पूर्वेला वळवून दाखवली. जी रेष अशी बदलता येते तिच्यावर देशाची हद्द कशी ठरवायची, हा त्याचा मुद्दा. निवाडा १९०२ मध्ये ब्रिटनच्या राजाने दिला आणि तो दोन्हींच्या मधला निघाला. त्यासाठी पाहणी करणारे थॉमस होल्डिच आधी भारताच्या वायव्य सरहद्दीवर मोजणी केलेले अधिकारी होते.

तुमच्या प्रस्तावात हे कसं आणायचं? 'सीमावर्ती पर्वतरांगेचा भौगोलिक अभ्यास' असं शीर्षक देऊ नका, त्यात प्रश्नच नाही. 'चोर्ला ते अनमोड या पट्ट्यात राज्यसीमा आणि जलविभाजक यांतलं अंतर किती आणि ते कुठे वाढतं?' असं विचारा. हे मोजता येतं. उत्तर चुकीचं ठरू शकतं, म्हणूनच ते संशोधन. उंचीचा डेटा म्हणून एसआरटीएमचं ३० मीटरचं मॉडेल फुकट मिळतं आणि क्यूजीआयएसमध्ये त्यावरून जलविभाजक काढता येतो. सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्या. इंटरनेटवरच्या कुठल्याही फाइलमधली सीमा शेकडो मीटर सरकलेली असू शकते, आणि मग तुम्ही डोंगराऐवजी त्या फाइलची चूक मोजत बसाल.

आणखी एक खाच आहे. एसआरटीएम हे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेलं माप आहे. दाट जंगलात ते जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांच्या जवळपासची उंची देतं. कड्यावर याने फरक पडत नाही, पण कणकुंबीसारख्या जवळजवळ सपाट माथ्यावर दहा-पंधरा मीटरच्या झाडांमुळे जलविभाजक भलतीकडे जाऊ शकतो. म्हणून अशा जागा वेगळ्या काढून प्रत्यक्ष जाऊन तपासा, शक्यतो पावसाळा संपता संपता, ओढे वाहते असताना. आणि हे सॉफ्टवेअर फक्त उतार ओळखतं, पाइप आणि कालवे त्याला दिसत नाहीत. त्याला विचाराल तर वळवण धरणाचं सगळं पाणी ते पुण्याकडे पाठवेल.

क्यूजीआयएसमधल्या पायऱ्या पुढच्या लेखात स्क्रीनशॉटसकट देतो. तोवर कणकुंबीच्या आसपासचा उंचीचा डेटा उतरवून ठेवा, सरावाला तोच वापरू.