चित्रातली बाई

पेपर हातात पडला की आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्र, हा आपल्यापैकी पुष्कळजणींचा क्रम! पुढाऱ्याची फजिती बघून हसायचं आणि कुकरकडे वळायचं. पण मैत्रिणींनो, त्या चित्रात बाई कुठे असते, हे कधी पाहिलंय?

आमची नारायण पेठ म्हणजे केसरीवाड्याची पेठ. १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'ने सरकारवर शब्दांनी आसूड ओढले. चित्रांतून चिमटे काढले ते मात्र मुंबईच्या पारशी मंडळींनी. लंडनला १८४१ मध्ये 'पंच' हे साप्ताहिक निघालं. त्याच्या धर्तीवर १८५४ मध्ये मुंबईत 'पारशी पंच' आला आणि पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला. नाव हिंदी, पण मजकूर गुजराती आणि इंग्रजी. त्यातले 'पंचोबा' सगळ्यांच्या फिरक्या घेत.

१८५७ च्या उठावात लंडनच्या 'पंच'मध्ये जॉन टेनिएल यांचं चित्र आलं. इंग्लंडचा सिंह बंगालच्या वाघावर झेपावतोय आणि वाघाखाली गोरी बाई नि तिचं मूल. पुढच्याच महिन्यात दुसरं चित्र. त्यात न्यायदेवता तलवार उगारून शिपायांना कापत सुटलीय आणि मागे आपल्याकडच्या बायका पोरं कवटाळून बसल्यात. म्हणजे देवीही बाई आणि बळीही बाईच!

'हिंदी पंच'ने हिंदभूमीला साडी नेसवली, मान दिला. प्रत्यक्षात १८८९ च्या मुंबई काँग्रेसला पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर अशा मोजक्याच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या. चित्रात देश बाईच्या रूपात, मंडपात खुर्च्या पुरुषांच्या!

आता महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिकेत निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. तरी मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत सरपंचबाईच्या हातात लाटणंच दिसतं आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. कधी कधी ते खरंही असतं, नाही असं नाही. पण जी बाई सकाळी भाकऱ्या थापून पाण्याच्या टाकीसाठी तालुक्याला खेटे घालते, ती या चित्रात कुठेच नसते.

बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना सांगते, चित्र बघून हसा, पण तीन गोष्टी तपासा. कोणाला मोठं काढलंय? कोणाला जनावर केलंय? आणि कोणाला काढलेलंच नाही?

सरपंचबाईंवर टीका जरूर व्हावी. रस्ता खराब असेल तर रस्त्यावरून चिमटा काढा की! पदरावरून कशाला?